नावाच्या जागी चौकोन

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा विषय इतिहासाचा असणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. सत्तावीस वर्षे मी या निवासी शाळेत इतिहास शिकवते आहे. सातवाहन, अजिंठा, महाडचा सत्याग्रह यांपैकी एखादा विषय घेतला असता तर लेख एका बैठकीत हातावेगळा झाला असता. परंतु गेल्या हिवाळ्यापासून माझे मन एका निराळ्याच प्रश्नाने व्यापले आहे. संगणकाने आपोआप तयार होणाऱ्या पीडीएफ प्रमाणपत्रांवर जपानी, चिनी आणि कोरियन अक्षरे का उमटत नाहीत, हा तो प्रश्न. शिक्षक-कक्षात मी हे सांगितले तेव्हा हशा पिकला. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. दुसरबीडच्या शाळेचे जपानी अक्षरांशी काय नाते, असे कोणाच्याही मनात येईल. नाते आहे, आणि ते बरेच जुने आहे. पण आधी प्रसंग सांगते.

अजिंठा-वेरूळ पाहून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघालेला अकरा उपासक-उपासिकांचा एक गट दोन दिवस आपल्या शाळेत मुक्कामाला होता, हे अनेक पालकांना आठवत असेल. सात जण जपानचे, तीन तैवानचे आणि एक वृद्ध गृहस्थ कोरियाचे. त्यांनी मुलांच्या पंगतीत बसून भाकरी-पिठले खाल्ले, सायंकाळच्या वंदनेला बसले आणि जाताना मुलींच्या वसतिगृहातील ग्रंथालयासाठी कपाटे व पुस्तके यांचा खर्च उचलला. निघण्यापूर्वी प्रत्येकाने अभिप्राय-वहीत आपापल्या लिपीत नाव लिहिले. तैवानच्या एका बाईंनी सहावीतल्या एका मुलाला त्याचे नाव विचारले. तो म्हणाला, ‘राहुल’. बाई क्षणभर थांबल्या आणि त्याच्या वहीवर तीन अक्षरे काढून दिली. दुभाष्याने सांगितले, तथागतांच्या पुत्राचे नाव चिनी भाषेत असेच लिहितात, दीड हजार वर्षांहून अधिक काळ. मुलाने ते पान फाडून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवले आहे.

या पाहुण्यांना आभारपत्रे पाठवायची होती. आपल्या शाळेची प्रमाणपत्रे गेली काही वर्षे एका छोट्या संगणक-प्रोग्रामने तयार होतात. आपलाच एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. त्याने करोनाच्या काळात घरी बसून तो लिहून दिला. एक्सेलमध्ये नावांची यादी भरली की चारशे प्रमाणपत्रे दोन मिनिटांत पीडीएफ होऊन बाहेर पडतात. मात्र नावे आजवर इंग्रजीत येत असत. प्रमाणपत्रावरचा मराठी मजकूर हे वास्तविक एक चित्र होते, स्कॅन करून मागे चिकटवलेले. या वर्षी मी आग्रह धरला की प्रत्येक नाव ज्याच्या-त्याच्या लिपीत यावे. निबंध स्पर्धेतील मुलांची देवनागरीत आणि पाहुण्यांची त्यांच्या अक्षरांत.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, इंग्रजीत टाका. सगळ्यांना वाचता तरी येईल.’ सूचना व्यवहार्य होती. मी त्यांना कान्हेरीची गोष्ट सांगितली. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही लेख कोरलेले आहेत. इराणी वंशाचे काही प्रवासी इ. स. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये तेथे येऊन गेले आणि त्यांनी आपली व आपल्या वडिलांची नावे आपल्या लिपीत भिंतीवर नोंदवली. ते काही बौद्ध नव्हते. तरीही एका विहाराच्या भिंतीवर परक्या माणसांची नावे त्यांच्याच अक्षरांत हजार वर्षे टिकली आहेत. सर हसले आणि म्हणाले, ‘बघा बुवा, जमतं का ते.’

नावाविषयी मी इतकी हळवी का, हे आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत धोंड्या, दगड्या, कचऱ्या ही माणसांची नावे होती आणि शाळेच्या दाखल्यावर कोणते नाव चढायचे हे मास्तरांच्या लेखणीवर अवलंबून असे. १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा आली. हजेरीपट वाचताना आजही मला त्या बदलाचा आवाज ऐकू येतो. आणि नावातील एका मात्रेने काय होते, हेही आपण जाणतो. वऱ्हाडात वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आडनावे आहेत. दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे, एवढ्या फरकापायी आपल्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती आठ महिने अडकून पडली होती. कोणत्या कार्यालयात, ते सांगत नाही. मुलीच्या वडिलांनी मजुरी बुडवून तिथे घातलेले हेलपाटे मात्र मी पाहिले आहेत.

असो. प्रोग्राम चालवला, अकरा आभारपत्रे आली. आठांवर नावाच्या जागी रिकामे चौकोन होते, एकापुढे एक, खोली रिकामी करून दार लावल्यासारखे. उरलेल्या तिघांवर प्रश्नचिन्हे होती.

त्या रात्री मी आपल्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने जे समजावले ते मी माझ्या शब्दांत मांडते, कारण शाळेच्या कामासाठी असे दस्तऐवज तयार करणाऱ्या अनेकांना ते उपयोगी पडेल.

पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला. कागद कोणत्याही यंत्रावर उघडला तरी सारखाच दिसावा, हा त्याचा हेतू. त्याच्या पोटात मजकूर असतो तो आज्ञांच्या रूपात: अमुक फाँटमधील अमुक आकृती पानाच्या अमुक बिंदूवर ठेव. प्रत्येक वाचक-प्रोग्रामकडे चौदा प्रमाणित फाँट असतील असे मुळात धरलेले होते. टाइम्स, हेल्व्हेटिका आणि कुरिअर यांचे प्रत्येकी चार प्रकार, शिवाय चिन्हांचे दोन. या चौदांत रोमन अक्षरे आहेत, थोडी ग्रीक अक्षरे आणि चिन्हे आहेत. देवनागरी नाही, चिनी नाही, जपानी नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दुसरा फाँट सांगितला नाही तर यंत्र या चौदांपैकीच एक उचलते. मागितलेले अक्षर त्यात सापडले नाही की त्या जागी ‘आकृती नाही’ अशी खूण ठेवते. ती खूण म्हणजे तो चौकोन. जपानी माणसे त्याला गमतीने तोफू म्हणतात, कारण तो सोयाबीनच्या पनीरच्या वडीसारखा दिसतो. गूगलने जगातील सर्व लिप्यांसाठी फाँट काढायला घेतले, तेव्हा ‘आता तोफू नको’ या अर्थानेच त्यांना ‘नोटो’ हे नाव दिले.

मग तिघांच्या नावांत प्रश्नचिन्हे कशी? यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटला. चौकोन दिसतो तेव्हा अक्षर आत शाबूत असते. प्रत्येक अक्षराला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक दस्तऐवजात सुखरूप असतो, फक्त त्याला दाखवणारी आकृती नसते. योग्य फाँट दिला की नाव पुन्हा उभे राहते. प्रश्नचिन्हाचे तसे नाही. आमच्या कार्यालयातून यादी पाठवताना ती एका जुन्या संकेतात जतन झाली होती. त्या संकेतात रोमन अक्षरांपलीकडे जागाच नाही. तेव्हा यंत्राने मूळ अक्षर टाकून दिले आणि तिथे प्रश्नचिन्ह लिहिले. आता जगातला कोणताही फाँट आणला तरी ते नाव परत येणार नाही. मूळ कागदाकडेच जावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे दोन्ही प्रकार ओळखीचे आहेत. काही माणसांची नोंद आहे, पण ती वाचण्याची साधने आपल्याकडे नाहीत. काहींची नोंद करणाऱ्यानेच पुसून टाकली. पहिल्या प्रकारात काम करता येते. दुसऱ्या प्रकारात शोध घ्यावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी सफल होत नाही.

आमच्या सुदैवाने अभिप्राय-वही होती. तिघांची नावे तिच्यातून फोटो काढून पुन्हा मिळवली.

आता उपाय. पहिला उपाय सोपा आणि फसवा होता. पीडीएफमध्ये पूर्वआशियाई फाँटचे केवळ नाव लिहून ठेवायचे, फाँट आत घालायचा नाही. वाचणाऱ्याच्या यंत्रावर तो किंवा त्याच्या जोडीचा फाँट असेल तर अक्षरे दिसतात. पुण्यात आमच्या विद्यार्थ्याच्या संगणकावर नावे सुंदर दिसली. तीच फाइल शाळेच्या संगणकावर उघडली तर कोरा कागद. लग्नपत्रिकेवर ‘जेवण आपापल्या घरून आणावे’ असे छापण्यासारखेच हे, असे आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी म्हटले आणि मला ते पटले.

खरा उपाय म्हणजे फाँट दस्तऐवजाच्या आत भरणे. गूगल आणि ॲडोबी यांनी मिळून २०१४ मध्ये चिनी, जपानी आणि कोरियन या तिन्हींसाठी एक मोफत फाँट प्रसिद्ध केला. एका फाँट-फाइलीत तांत्रिकदृष्ट्या जास्तीत जास्त ६५,५३५ आकृत्या मावतात. या फाँटने ती मर्यादा पूर्ण वापरली आहे. साहजिकच फाइल जड, एकेक सुमारे पंधरा-सोळा मेगाबाइटची. चार अक्षरांच्या नावासाठी एवढे ओझे प्रत्येक आभारपत्रावर कोण लादणार? त्यासाठी वापरलेल्या आकृत्या तेवढ्या वेचून घालण्याची सोय असते. मग तोच भार काही किलोबाइटवर येतो. आणखी एक काळजी घ्यावी लागते: कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ताही आत ठेवावा लागतो. तो नसेल तर नाव डोळ्यांना दिसते, पण शोधता येत नाही आणि नक्कल करून दुसरीकडे चिकटवले तर भलतेच काही येते.

हे ऐकून मला आपल्या शाळेच्या जुन्या स्मरणिकेची आठवण झाली. तिची छापील प्रत कपाटात आहे. संगणकातील फाइल उघडली तर पानेच्या पाने निरर्थक रोमन अक्षरांची दिसतात. त्या काळी मराठीचे बहुतेक डीटीपी असेच चाले. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत, वर मराठी आकृत्यांचा मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गेला. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्येच ठरले होते आणि युनिकोडमधील देवनागरीचा विभागही त्याच घराण्याच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. तरी छापखान्यांत मुखवटेच चालत राहिले. पहिल्या तुकडीच्या मुलांची संपूर्ण यादी त्या फाइलीत अडकली आहे. छापील प्रत वाळवीने खाल्ली असती, तर काय उरले असते?

फाँट आत भरून पत्रे निघाली. सर्व अकरा नावे उमटली आणि शिक्षक-कक्षात टाळ्या झाल्या. मी ती फोटो काढून दुभाष्याकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, एका वृद्ध बाईंच्या वतीने, अत्यंत नम्र. त्यांचे आडनाव ताकाहाशी होते. जपानात हे आडनाव आपल्याकडच्या पाटलासारखे सर्वत्र आढळते. त्याचे पहिले अक्षर दोन प्रकारे लिहितात. नेहमीच्या प्रकारात मध्यभागी एक लहान चौकट असते. दुसऱ्या प्रकारात त्या जागी उभ्या रेषा आणि आडवे दांडे असतात, शिडीसारखे. त्याला तिकडे ‘शिडीचा ताका’ असेच म्हणतात. बाईंचा ताका शिडीचा होता. आम्ही नेहमीचा छापला होता, कारण यादी भरताना कळफलकाने तोच आधी पुढे केला. आभारपत्र असेच ठेवले तरी चालेल, असेही त्यांनी कळवले होते. वानखडे-वानखेडेचा प्रकार ज्याने पाहिला आहे, त्याला हे ‘चालेल’ किती वर्षांच्या सवयीतून येते ते कळते. शिडीच्या ताकालाही युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे. तो शोधून पत्र पुन्हा काढले.

याहून सूक्ष्म अडचण तैवान आणि जपान यांच्यातली. युनिकोडची मांडणी झाली तेव्हा तिन्ही देशांत सामाईक असलेल्या चिनी अक्षरांना एकच क्रमांक देण्यात आला. सुरुवातीला अशी २०,९०२ अक्षरे होती. आज हा आकडा नव्वद हजारांच्या पुढे गेला आहे. परंतु क्रमांक एक असला तरी वळण एक नसते. ‘हाड’ या अर्थाच्या अक्षरातील आतला लहान कोपरा आजच्या चीनमध्ये डावीकडे असतो, जपानमध्ये उजवीकडे. चिनी वळणाचा फाँट वापरून जपानी नाव छापले तर ते चुकीचे ठरत नाही, पण परके दिसते. कोणत्या वळणाचा फाँट कोणाच्या नावाला लावायचा, हे प्रोग्रामला सांगावेच लागते. ते त्याला आपोआप कळत नाही.

हे दुखणे आपले घरचेच आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितले. आमच्या पिढीने पाटीवर तेच गिरवले. पण मोबाइलवर आणि संगणकावर बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, कारण दोघांचा क्रमांक एक आणि फाँट घडवणाऱ्यांनी हिंदीचे वळण आधी घेतले. आता आपल्या मुलांना मराठी ल काढता येत नाही. मला याचे वाईट वाटते. माझ्या तरुण सहकाऱ्यांना वाटत नाही. तो वाद येथे नको.

कोरियन गृहस्थांच्या नावाने मात्र काहीच त्रास दिला नाही. त्यांची लिपी हंगुल. राजा सेजोंग याने ती १४४६ मध्ये जाहीर केली. सामान्य माणसाला चिनी अक्षरे शिकणे परवडत नाही, म्हणून त्याने सोपी अक्षरे घडवली. दरबारातील विद्वानांनी तिला विरोध केला होता. आणि पुढच्याच वर्षी, १४४७ मध्ये, त्या नव्या लिपीत बुद्धचरित्र तयार झाले. दहावीच्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे विरोध करणारे तिकडे पण होते.’ होते.

यानंतर जे घडले त्याची कोणालाच कल्पना नव्हती. जपानी, चिनी, कोरियन नावे निर्दोष उमटू लागली, तेव्हा त्याच रीतीने देवनागरी फाँट आत भरून आम्ही मुलांची प्रमाणपत्रे काढली. ‘सिद्धार्थ’ या नावातील पहिली वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन बसली. ‘द’ खाली पाय मोडून उभा राहिला, त्याच्यापुढे ‘धा’ सुटा पडला, रफार खाली उतरून ‘र’ झाला. ‘प्रज्ञा’ ओळखू येईना. सर्वात वाईट गत आपल्या प्रदेशाच्या नावाची झाली. ‘वऱ्हाड’ मधील ऱ्ह मराठीचा खास आहे. त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्त्याचा ‘ऱ’ हे निराळे अक्षर वापरावे लागते. आमच्या कागदावर तो नुक्ता, तो हलन्त आणि तो ‘ह’ रांगेत सुटे उभे होते.

कारण कळले तेव्हा मी थक्क झाले. चिनी अक्षरे हजारो, पण प्रत्येकाची चौरस जागा ठरलेली. एकाला दुसऱ्याचे देणेघेणे नाही. क्रमांक वाचा, आकृती ठेवा, पुढे चला. आपली अक्षरे पन्नासच्या आसपास, पण ती एकमेकांचा हात धरतात, पाय मोडतात, डोक्यावर चढतात. उच्चारात मागून येणारी वेलांटी लिहिताना पुढे येते. हे सगळे ठरवण्यासाठी फाँटखेरीज एक स्वतंत्र यंत्रणा लागते. ‘हार्फबझ’ नावाची अशी एक मोफत यंत्रणा आहे. नाव फारसीवरून घेतले आहे. हर्फ म्हणजे अक्षर. प्रमाणपत्रे काढणाऱ्या पुष्कळशा प्रोग्राम-संचांत ती मुळातच जोडलेली नसते. ती आपण जोडावी लागते. तीही जोडली. ज्या अक्षरांना आम्ही अवघड समजत होतो ती आधी सुटली, आणि आमची स्वतःची लिपी चार दिवस अडून बसली.

त्या चार दिवसांत मी सातवीच्या वर्गात फळ्यावर जपानी वर्णमालेचा क्रम देवनागरीत लिहिला. आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को. मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. मुलांनी न सांगता सुरात म्हणायला सुरुवात केली. एकाने विचारले, ‘मॅडम, ही तर आपलीच बाराखडी. यांनी कधी नेली?’ उत्तर मोठे रोचक आहे. बौद्ध सूत्रे आणि धारणी यांबरोबर आपल्याकडची सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात गेली. भिक्खू कूकाई ८०६ मध्ये चीनहून परतला, तो सोबत ही विद्या घेऊन आला. ती लिपी भारतातून लोप पावली. जपानच्या विहारांत आणि स्मशानातील स्मृतिफलकांवर ती आजही लिहिली जाते. तिच्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना आपल्या वर्णमालेसारखा क्रम मिळाला. बाराशे वर्षे त्यांनी आपली अक्षरे सांभाळली. त्यांची चार अक्षरे एका आभारपत्रावर आणण्यासाठी आम्हांला तीन आठवडे लागले, हे मी मुलांना सांगितले नाही. त्यांना ते ठाऊकच होते.

मुलांना ह्युएन त्संगही सांगितला. सातव्या शतकात तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला आणि त्याने ‘महाराष्ट्र’ हे नाव चार चिनी अक्षरांत बसवले, मो-हो-ला-छा असे काहीसे. उच्चार थोडा बिघडला, नाव टिकले. चिनी अक्षरांत टिकलेल्या आपल्या गोष्टी मोजायला लागले तर स्मरणिका पुरणार नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांचे उदाहरण तेवढे देते. ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाची मूळ पाली संहिता हाती नव्हती. सहाव्या शतकात झालेले चिनी भाषांतर होते. बापटांनी चिनी शिकून ते भाषांतर आणि बुद्धघोषाचा पाली ‘विसुद्धिमग्ग’ शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासले. तो तौलनिक ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, १९५६ मध्ये, केंद्र शासनाने काढलेल्या ‘बौद्ध धर्माची २५०० वर्षे’ या इंग्रजी ग्रंथाचे संपादकही तेच. येथे हरवलेले तिथे चौकोनाआड शाबूत होते, एवढेच मी वर्गात म्हटले.

तिकडच्या विद्वानांनाही अक्षरांचा हा झगडा चुकलेला नाही. तैवानमध्ये १९९८ पासून चिनी त्रिपिटक संगणकावर आणण्याचे मोठे काम चालू आहे. जुन्या पोथ्यांत अशी अक्षरे निघाली, ज्यांना कोणताच क्रमांक नव्हता. तेव्हा त्यांनी चौकोन छापला नाही. त्या अक्षराचे घटक सुटे सांगितले: डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक. वाचणाऱ्याने मनात जोडून घ्यावे. त्यांपैकी अनेक अक्षरांना पुढे क्रमांक मिळाले.

प्रोग्राम आता नीट चालतो. वापरलेले फाँट मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे कोणत्याही शाळेला ते आणि प्रोग्रामची प्रत विनामूल्य देता येईल, कार्यालयात मागावी. यापुढे शाळा सोडल्याचे दाखलेही फाँट आत भरूनच जतन होणार आहेत. दीर्घकाळ टिकवायच्या पीडीएफसाठी २००५ मध्ये जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्यात ही अटच आहे. यादी पाठवताना ती युनिकोडमध्येच जतन करावी, अशी सूचना कार्यालयात भिंतीवर लावली आहे.

या स्मरणिकेच्या अखेरीस दात्यांची नावे आहेत. ती छापण्याला मोठा आधार आहे. तारीख असलेले जगातील सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक म्हणजे ८६८ साली चीनमध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र. त्याच्या शेवटी दात्याचे नाव आहे: वांग जिए नावाच्या माणसाने आई-वडिलांसाठी, सर्वांना मोफत वाटण्याकरिता ते करवून घेतले. आपल्या यादीत गावातील शेतमजुराने दिलेले पन्नास रुपये आहेत आणि ती अकरा नावेही आहेत, प्रत्येक आपल्या लिपीत. फाइल छापखान्यात गेली तेव्हा मुद्रकांचा फोन आला. मराठी मजकूर तपासला, म्हणाले, पण ही अकरा नावे बरोबर आहेत की नाहीत हे आमच्याकडे कोणाला कळणार? मुद्रित प्रत मागवून घेतली. नववीच्या तीन मुली अभिप्राय-वही समोर ठेवून दोन संध्याकाळ ग्रंथालयात बसल्या, एक वहीतील रेषा मोजत होती, दुसरी छापलेल्या, आणि तिसरी आकडे लिहून घेत होती.